हा अंगठा कुणाचा?

आमच्या बचत गटाच्या पहिल्या हजेरी वहीत पाच पानं अशी आहेत, ज्यांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारलेली आहे. नोव्हेंबर २०१७ ते मार्च २०१८. प्रत्येक पानावर माझ्याच अक्षरात 'ही हजेरी रद्द' आणि त्याखाली अकरा जणींच्या सह्या, अंगठे. गटात तेव्हा बारा जणी होत्या. बारावीनं सही केली नाही, तिचं पुढं सांगते. वही लिहायला कुणी नवी बाई शिकायला आली की मी तिला आधी ही पानं दाखवते. पहिल्यांदा दाखवताना कान गरम झाले होते. आता होत नाहीत.

माझं माहेर माजलगावचं. लग्न होऊन बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या या गावात आले, तेव्हा पहिल्या वर्षी मला कळेचना की दिवाळी झाली की गाव जातं कुठं. एका रात्रीत पाच-सात ट्रॅक्टर भरतात. भांडी, पिठाची पोती, गोधड्या, कोंबड्या, एखादी शेळी आणि वर लेकरं. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस असलं तर अर्धा कोयता. मजुरांची टोळी नेणारा मुकादम पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन ठेवतो. मी सांगतेय त्या वर्षी आमच्याकडं जोडीला ६०-७० हजार होती. मग कोल्हापूर, सांगली, नाहीतर कर्नाटकात चिकोडी-अथणीकडं पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. अंगात ताप आला आणि फडात, म्हणजे उसाच्या रानात, गेलं नाही, की खाडा. खाड्याचे पैसे पुन्हा उचलीवर चढतात. आमची पिठाची गिरणी आहे म्हणून आम्ही जात नाही. त्यामुळं हे सगळं मला माहीत आहे ते मोठ्या बाईच्या तोंडून.

मोठी बाई म्हणजे माझ्या सासूची थोरली जाऊ. सबंध भावकी तिला मोठी बाईच म्हणते. तीस हंगाम तिनं कोयता हातात धरला. शाळा नाही. पण कुणाकडं कुणाचे किती येणे आहेत, कोणत्या सालचे, हे तिला तोंडपाठ.

जून २०१७ मध्ये गावात वर्धिनी आल्या. सरकारच्या उमेद अभियानात ज्या बायका आपापल्या गावात गट चालवून तयार झाल्यात, त्यांना दुसऱ्या गावी गट बांधायला पाठवतात, त्या वर्धिनी. पंधरा दिवस मुक्कामाला होत्या. घरोघर फिरून, गाणी म्हणून, सासवांची समजूत काढून त्यांनी आमच्या आळीत बारा जणी जमवल्या. गटात दहा ते वीस बायका घेतात. वीसच्या वर का नाही, असं मी विचारलं तर कळलं की त्याच्या वर गेलं की जुन्या कायद्यानं नोंदणी लागायची, तोच आकडा पुढं चालत आला. बचत महिन्याला १०० रुपये ठरली. ताई सांगत होत्या की बैठक आठवड्याला घ्या. ते काही आम्हाला जमलं नाही, महिन्याची ५ तारीख धरली.

पदं ठरवायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी मोठ्या बाईकडं बघितलं. ती म्हणाली, "मला काही वाचता येत न्हाई. पेटी द्या मपल्याकडं. किल्ली दुसरीकडं ठेवा." म्हणून ती कोषाध्यक्ष. अध्यक्ष झाली शेजारची वहिनी, कारण तिच्या ओट्यावर बसायला जागा होती. मी बारावी झालेली, म्हणून सचिव. कागदावर मी तिसरी. पण गटाचं खरं असं आहे की ज्या हातात पेन, त्या हातात गट. काय ठराव झाला, कोण आलं, कुणाचा हप्ता चुकला, हे मी लिहीन तेच. दोन महिन्यांत सगळ्या मला विचारूनच बोलायला लागल्या आणि मला ते आवडायला लागलं.

तालुक्याला आमचं प्रशिक्षण झालं. पंचसूत्री शिकवली: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित नोंदी. शिकवणारे म्हणाले, सहा महिने हे नीट पाळलं की बँक गटाची प्रतवारी करते आणि मग कर्ज मिळतं. ना सातबारा लागतो ना दागिना. १९९२ साली नाबार्डनं गट बँकेला जोडायला सुरुवात केली तेव्हापासून हे असंच आहे, वही हेच तारण. हे वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. वही हेच तारण. मग वही कशी पाहिजे? एकदम नीटनेटकी, एक चौकोन रिकामा नाही.

दिवाळीनंतर पाच जणी तोडीला गेल्या. मोठी बाई लेक-सुनेबरोबर गेली. वय पंचावन्नच्या पुढं, कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, नातवंडं सांभाळायची, स्वयंपाक करायचा आणि गरज पडली तर फडात उतरायचं. जाताना पेटी माझ्या घरी ठेवून गेली.

५ नोव्हेंबरला सात जणी आल्या. गणपूर्तीला सात पुरेशा होत्या, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी रात्री भांडी झाल्यावर वही उघडली आणि त्या पाच रिकाम्या ओळी बघून मला कसंसंच झालं. तोंडात दोन दात पडल्यासारखं ते पान दिसत होतं. दोघी सही करणाऱ्या होत्या, त्यांच्या सह्या मी केल्या. राहिल्या तिघी अंगठेवाल्या. शाईचं पॅड काढलं आणि माझा अंगठा तीनदा उठवला. बचतीचे ५०० रुपये कमी पडत होते, ते शिलाईच्या पैशातून घातले. म्हटलं, आल्यावर घेऊ. मी चोरी तर करत नव्हते, उलट माझेच पैसे जात होते. असं मी स्वतःला पाच महिने सांगितलं. मार्चपर्यंत २५०० रुपये घातले आणि पंधरा अंगठे उठवले.

एप्रिलमध्ये कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, ट्रॅक्टर परत आले. मोठी बाई काळी ठिक्कर पडलेली, गालफडं आत गेलेली. दोन दिवसांनी दुपारी माझ्याकडं आली. पाणी प्यायली. म्हणाली, "आण गं ती वही, माझं कसं काय चाललंय बघू दे."

मी आनंदानं दाखवली. माझ्या मनात होतं, ती म्हणेल, पोरीनं किती नीट ठेवलंय. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण आपली ओळ कितवी हे तिला माहीत होतं. वरून चौथी. तिनं वही उचलून दाराच्या उजेडाकडं तिरकी धरली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं.

"हा अंगठा कुणाचा?"

मी म्हटलं, "तुमचाच की. तुम्ही नव्हतात म्हणून मी..." पुढं शब्द फुटेना.

तिनं पॅड मागितलं. शाईत अंगठा बुडवला आणि वहीच्या पुठ्ठ्यावर दाबला. नुसता काळा डाग उठला, बोराएवढा. एक रेघ नाही. तीस वर्षं कोयत्याच्या मुठीनं आणि उसाच्या पाचटानं तिच्या बोटांवरचं सगळं घासून नेलं होतं. आधार कार्ड काढताना मशीननं तिचा अंगठा चारदा नाकारला होता, ही गोष्ट घरात आम्ही हसून सांगायचो. आणि वहीत तिच्या ओळीवर सुबक, गोल, रेघान् रेघ दिसणारा अंगठा. मधोमध एक तिरकी फट. सहावीत असताना विळीवर कांदा चिरताना मला लागलं होतं, त्याची. ती फट तिच्या ओळीवर होती, सातव्या ओळीवर होती, दहाव्या ओळीवर होती.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "आणि पैसे?"

"मी भरले. तुमचे सगळ्यांचे."

"मंजी आम्ही तुझ्या उचलीत आलो की."

मी म्हटलं, तसं नाही, तुमची बचत तुटू नये म्हणून. ती म्हणाली, "मुकादम बी तेच म्हणतो. तुझ्या लेकीचं लगीन अडू नये म्हणून. तू मला विचारलं व्हतंस का? मी तिकडं फडात, आन् इथं माझा अंगठा कशा-कशावर उठला मला म्हाईत न्हाई. उद्या तू कर्जावर उठवशील."

मी रडायला लागले. तिनं रडू दिलं. मग पदरानं पुठ्ठ्यावरची ओली शाई टिपली आणि म्हणाली, "५ तारखेला तूच सांग. मी सांगितलं तर भांडण होईन."

त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, कशाला सांगतेस, पानं फाडून टाक, नवी वही कर. मी खरंच एक रात्र त्याचा विचार केला.

५ मे २०१८ ला बाराही जणी आल्या होत्या. मी उभी राहून सांगितलं. गटात उभं राहून कुणी बोलत नाही, सगळ्या गोलात बसतात, पण मला बसून बोलता येईना. आधी कुणी काहीच बोललं नाही. मग अध्यक्ष वहिनी म्हणाली, मला तरी सांगायचंस, सही तर माझीबी आहे त्याच्यावर. बरोबर होतं तिचं. पान भरलेलं बघून तिनं खाली विश्वासानं सही केली होती, मी तिलाही त्यात ओढलं होतं. मग एकेक जण बोलली. सगळ्यांत शांत बसलेली एक होती. तोडीला गेलेल्या पाचांतली, अंगठेवालीच. सहा महिने झाले की बँकेचं कर्ज मिळेल, त्यातून दोन शेळ्या घेईन आणि पुढच्या हंगामाला जाणार नाही, असं तिनं नवऱ्याला सांगून ठेवलं होतं. तिनं फक्त एवढंच विचारलं, "आता कर्ज कवा?"

तालुक्याच्या ताईंना आम्ही बोलावून वही दाखवली. त्या चिडल्या नाहीत, पण म्हणाल्या की अशी वही बँकेपुढं नेता येणार नाही. पानं रद्द करा, सगळ्यांच्या सह्या घ्या, माझ्या २५०० चा काय तो ठराव करा आणि पुन्हा नीट सुरू करा. प्रतवारी पुढं गेली. त्या बाईनं पुन्हा उचल घेतली, मागच्यापेक्षा जास्त. रद्द पानांवर तिनं अंगठा दिला नाही आणि आपली बचत घेऊन गट सोडला. समोरून आली की आजही ती माझ्याशी बोलते, पण मधे नळ किंवा लेकरू असलं तरच.

मी सचिवपद सोडते म्हणाले. मोठ्या बाईनंच अडवलं. म्हणाली, "खराब केलीस तर नीट करून दे, मग सोड." हा मान नव्हता, शिक्षा होती, असं मला तेव्हा वाटलं. आता खात्रीनं सांगता येत नाही.

त्या पावसाळ्यात पाऊस असा नव्हताच. ऑक्टोबर २०१८ अखेर राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात आमचाही होता. त्यामुळं तोडीला जाणारा आकडा वाढला. बारांतल्या (एक नवी आली होती) सात जणी निघाल्या. आता गणपूर्तीच होणार नव्हती. मी घाबरले, काहीतरी नियम शोधायला लागले. मोठी बाई मला म्हणाली, मुकादम दोन जातीचे असतात. एक टोळी उतरवतो आणि मग विचारतो पाणी कुठंय. दुसरा आधी जाऊन झरा, हापसा बघून येतो, मगच गाडी उभी करतो. "तू तारीख गेल्यावर बायकांच्या दारात जातीस. आधी जा की."

मग मी दिवाळीआधी सातही जणींच्या घरी गेले, एकटी, वही न घेता. वही नेली की बायका वेगळं बोलतात, हे मला त्या वेळी कळलं. चौघी म्हणाल्या, उचलीतूनच सहा महिन्यांचे ६०० आत्ताच घ्या, हातात राहणार नाहीत. दोघी म्हणाल्या, महिन्याला पाठवू, पोराच्या फोनवरून. एक म्हणाली, मला जमणार नाही, एप्रिलला आल्यावर भरीन. मी तिला समजावायला तोंड उघडलं आणि मिटलं. जायच्या आधीच्या बैठकीत जसं ठरलं तसं लिहिलं. कर्जाचा विषय निघाला तर बाहेर असलेल्यांना फोन लावायचा, हेही लिहिलं. हजेरीच्या ओळीत अंगठ्याच्या जागी मी शब्द लिहायचे: 'तोडीला' किंवा 'फोनवर'.

फेब्रुवारीत रात्री नऊला फोन आला, चिकोडीकडून. आमच्यातल्या एकीच्या पोराला जुलाब-उलट्या लागल्या होत्या, कोपीवरून दवाखाना लांब, मुकादम म्हणत होता पैसे देतो पण उचलीत धरीन. तिला ३००० पाहिजे होते. पेटीत ४२०० होते. मी फोन ठेवून पेटीकडं गेलेसुद्धा. मग थांबले. गावातल्या बाकीच्या चौघींना उठवून ओट्यावर बोलावलं, बाहेरच्या बायकांना एकेक करून फोन लावले. एका कोपीवर कुणीतरी फोन उचलून नुसतं 'द्या, द्या' म्हणालं आणि बॅटरी संपली. तो आवाज कुणाचा, यावर आमचं दहा मिनिटं चाललं. तेवढ्यातही एक भांडण झालंच, मागची परतफेड राहिलेल्या बाईला पुन्हा द्यायचे का म्हणून. शेवटी दहाच्या पुढं ठरलं. पैसे गिरणीवरच्या पोराच्या फोनवरून गेले. मला एक तास लागला. मी एकटीनं केलं असतं तर पाच मिनिटं. तो तास मला फार जड गेला, कारण तिकडं पोरगं आजारी होतं. हे बरोबरच केलं असं मी छातीठोक नाही सांगणार. पोरगं बरं झालं, म्हणून आज लिहू शकते. पण पुढच्या बैठकीत त्या ३००० बद्दल एकीनंही 'कुणाला विचारून दिले' असं म्हटलं नाही.

२०१९ च्या पावसाळ्यात बँकेचे साहेब आले. वही चाळली, रिकाम्या ओळींपाशी थांबले. "हे फोनवर म्हणजे काय?" मी उत्तर द्यायला पुढं सरकले तर मोठ्या बाईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि चांगलाच दाबला. अध्यक्ष वहिनी बोलली. अडखळत, एक तारीख चुकवून, पण बोलली. मग साहेबांनी त्यांच्या पद्धतीप्रमाणे कोपऱ्यात बसलेल्या एकीला विचारलं, तुमचं कर्ज किती बाकी? तिनं सांगितलं, १७५० आणि ह्या महिन्याचं व्याज ३५. शेकड्याला दोन रुपये, वहीशी ताडून बघितलं तर बरोबर. तेवढ्यानं साहेबांचा चेहरा जरा सैलावला. पहिलं कर्ज १ लाख मिळालं. त्यात शेळ्या आल्या, एक शिलाई मशीन आलं, एकीनं उचल फेडून मुकादमाला पुढच्या हंगामाला नाही सांगितलं. बाकीच्या गेल्या. एका लाखात बारा घरांचं काय होतं?

२०२० चं सांगण्यासारखं थोडंच आहे. टाळेबंदीत आमच्या बायका कारखान्यांवर अडकल्या, एप्रिलच्या मध्यानंतर तपासणी करून सोडलं, इथं आल्यावर शाळेत वेगळ्या राहिल्या. दोन महिने हजेरीच्या पानावर बाराही ओळी 'फोनवर'.

जानेवारी २०२१ ला पदं बदलली. सचिव झाली ती नववी शिकलेली, आठ हंगाम कोयता केलेली, माझ्यापेक्षा लहान. पहिल्याच महिन्यात तिची रोजकीर्द जुळेना. १८० रुपयांचा फरक. मला लांबूनच दिसत होतं, व्याजाचा आकडा तिनं बचतीत धरला होता. माझ्या हाताला नुसत्या मुंग्या येत होत्या. बैठक संपल्यावर मी म्हटलं, दे वही, रात्री बघून देते. तिनं द्यायला हात पुढंही केला. मागून मोठी बाई म्हणाली, "काय गं, अंगठ्याला खाज सुटली का?"

सगळ्या हसल्या. मीही. वही तिच्याकडंच राहिली. तिला तो फरक सापडायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला माझ्या दाराची कडी वाजवून तिनं मला सांगितलं.

मोठ्या बाईचं तोडीला जाणं आता बंद झालंय, गुडघे गेलेत. त्यामुळं तिची ओळ बाराही महिने भरलेली असते, तोच काळा डाग. मागच्या महिन्यात मात्र माझी ओळ रिकामी राहिली. पोराच्या प्रवेशासाठी बीडला गेले होते, कार्यालयात दिवस गेला आणि फोन करायचं राहून गेलं. परत आल्यावर वही बघितली तर माझ्या नावापुढं लाल पेनानं 'गैरहजर, न कळवता' आणि दंड १० रुपये. हा दंडाचा ठराव २०१७ मध्ये मीच घातला होता. मी नव्या सचिवाला म्हटलं, अगं, तुला माहीत होतं ना मी कुठं गेले होते.

"म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "पण तुम्ही कळवलं न्हाई."

मोठ्या बाईनं पेटी पुढं सरकवली. मी दहाची नोट टाकली.